सभागृहाच्या मापाचा कॅमेरा

रिमोटवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला या व्यवसायात ‘पीटीझेड’ म्हणतात. पॅन म्हणजे डावी-उजवीकडे वळणे, टिल्ट म्हणजे वर-खाली झुकणे आणि झूम म्हणजे लेन्सने दृश्य जवळ ओढणे. या तिन्ही हालचालींसाठी कॅमेऱ्यात छोट्या मोटरी बसवलेल्या असतात. त्यांना आज्ञा देणारा माणूस कॅमेऱ्यामागे उभा नसतो. तो विंगेत, बाल्कनीच्या कोपऱ्यात किंवा शेजारच्या खोलीत मिक्सरपुढे बसतो आणि दोन-तीन कॅमेरे एकटा सांभाळतो.

ही कल्पना बरीच जुनी आहे. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचे कामकाज २१ नोव्हेंबर १९८९ पासून दूरचित्रवाणीवर दिसू लागले, तेव्हा सभागृहात कॅमेरामनची गर्दी नको म्हणून दुरून चालवता येणारे कॅमेरेच बसवले गेले. पुढे नव्वदच्या दशकात व्हिडिओ कॉन्फरन्सिंगसाठी सोनीने ‘ईव्हीआय’ मालिकेतले छोटे कॅमेरे आणले. त्यांना आज्ञा देण्यासाठी तयार झालेली ‘व्हिस्का’ नावाची भाषा आजही जगभरचे बहुतेक पीटीझेड कॅमेरे समजतात. मात्र ही साधने बराच काळ संसद, मोठ्या कंपन्या आणि वाहिन्या यांच्याच आवाक्यात होती. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे प्रवचनापासून पदवीदानापर्यंत सारे पडद्यावर आले आणि स्वस्त पीटीझेडची मागणी एकदम वाढली. आज व्याख्यानमाला, कीर्तन महोत्सव, शाळेचे स्नेहसंमेलन, संगीत सभा, ग्रंथालयाचा वर्धापनदिन अशा कार्यक्रमांसाठी संस्था स्वतःचे कॅमेरे घेण्याचा विचार करतात. वर्गणीतून उभी राहिलेली रक्कम एकदाच खर्च होणार असते, म्हणून निवड चुकली तर ती चूक पुढची पाच-सात वर्षे भोगावी लागते.

बाजारातील किमतींचे ढोबळ तीन थर पडतात. यूएसबीने संगणकाला जोडायचे, बैठकीच्या खोलीसाठी बनवलेले छोटे कॅमेरे काही दहा हजार रुपयांत मिळतात. एचडीएमआय, एसडीआय आणि नेटवर्क अशा तिन्ही वाटांनी चित्र देणारे, मोठ्या झूमचे कॅमेरे लाखाच्या आगेमागे असतात. सोनी, पॅनासॉनिक, कॅनन यांचे व्यावसायिक कॅमेरे त्यापुढे सुरू होऊन कित्येक लाखांपर्यंत जातात. संस्थांचा प्रश्न बहुधा मधल्या थराचा असतो. या थरात नावे पुष्कळ असली तरी कारखाने थोडे आहेत. चीनमधील शेनझेनच्या काही उत्पादकांकडून तयार झालेला तोच कॅमेरा वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. म्हणून दोन नावांच्या किमतींत मोठी तफावत दिसली, तर ती लेन्सची आणि सेन्सरची आहे, की फक्त हमीची आणि दुरुस्तीसेवेची, हे आधी विचारावे. दुरुस्तीसेवेसाठी जास्त पैसे देणेही शहाणपणाचे ठरू शकते, पण आपण पैसे कशाचे देतो आहोत ते ठाऊक असावे.

निवडीची सुरुवात फीत घेऊन सभागृह मोजण्यापासून होते. जाहिरातीत झूमचा आकडा ठळक असतो: १२ पट, २० पट, ३० पट. हा आकडा म्हणजे निव्वळ भागाकार आहे. लेन्सच्या सर्वांत लांब नाभीय अंतराला सर्वांत आखूड अंतराने भागले की तो मिळतो. या वर्गात नेहमी आढळणारी १२ पटीची लेन्स साधारण ३.५ ते ४२ मिलिमीटरची असते, २० पटीची ४.४ ते ८८ मिलिमीटरची आणि ३० पटीची ४.४ ते १३२ मिलिमीटरची. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. १२ पटीची लेन्स लांबचे कमी आणते, पण जवळून अधिक रुंद दृश्य दाखवते. तिचा रुंद कोन सुमारे ७२ अंशांचा असतो, तर २० आणि ३० पटीच्या लेन्सचा सुमारे ६० अंशांचा.

फुटांत हिशेब मांडला की निवड सोपी होते. उभ्या वक्त्याचा छातीपर्यंतचा शॉट हवा असेल, तर चौकटीची रुंदी साधारण सव्वाचार फूट असावी लागते. १२ पटीची लेन्स हा शॉट सुमारे ३५ फुटांवरून देते, २० पटीची सुमारे ७५ फुटांवरून आणि ३० पटीची शंभर फुटांच्या थोडे पुढून. उलट बाजूने पाहता, ६० अंशांच्या लेन्समध्ये दिसणारी रुंदी अंतराच्या साधारण १.१५ पट असते. रंगमंच ३६ फूट रुंद असेल, तर तो पूर्ण दिसण्यासाठी कॅमेरा किमान ३१-३२ फूट दूर हवा. ७२ अंशांच्या लेन्सला २५ फूट पुरतात. मॉडेलनुसार हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण निर्णय घ्यायला पुरेसे आहेत.

मराठी गावांतल्या पुष्कळशा कार्यक्रमांच्या जागा पाहिल्या, म्हणजे शाळेचे सभागृह, मंगल कार्यालय, देवळाचा सभामंडप, ग्रंथालयाची वरची खोली, तर तिथे कॅमेरा मंचापासून ३० ते ५० फुटांवर बसतो. अशा ठिकाणी ३० पटीच्या झूमसाठी जादा पैसे मोजणे वाया जाते. तोच पैसा प्रकाशावर खर्च केला तर चित्र कितीतरी सुधारते. बाल्कनी असलेल्या मोठ्या नाट्यगृहात किंवा मैदानावरच्या मांडवात मात्र २० पटीखाली उतरू नये. डिजिटल झूमचा आकडा कधीच हिशेबात धरू नये. त्यात लेन्स काहीच करत नाही, चित्राचा मधला तुकडा ताणून मोठा केला जातो आणि चेहरा मऊ, पुसट दिसू लागतो.

कॅमेऱ्याची उंचीही याच मोजणीत ठरते. खुर्च्यांवरून दिसावे म्हणून तो उंच लावला जातो, पण फार उंच गेला की वक्त्याचे कपाळ आणि टक्कल तेवढे दिसते आणि डोळे हरवतात. ४० फुटांवरचा कॅमेरा वक्त्याच्या डोळ्यांहून दहा फूट उंच असेल, तर पाहण्याचा कोन सुमारे १४ अंशांचा होतो. तिथवर ठीक, त्याहून तिरपा कोन टाळावा. आधार पक्का हवा. लांब झूमवर स्टँडचा किंचित हादराही पडद्यावर भूकंपासारखा दिसतो. लाकडी फळ्यांच्या मंचावर किंवा लोकांच्या येण्याजाण्याने थरथरणाऱ्या बाल्कनीत स्टँडऐवजी भिंतीचा किंवा खांबाचा आधार घ्यावा. छताला उलटा लावला तर बहुतेक कॅमेरे चित्र सरळ करून देतात.

चित्राचा दर्जा मुख्यतः प्रकाशावर अवलंबून असतो आणि स्वस्त कॅमेऱ्याची कमजोरी नेमकी इथेच असते. परवडणाऱ्या बहुतेक पीटीझेडमध्ये १/२.८ इंची म्हणवला जाणारा सेन्सर असतो. त्याचा कर्ण प्रत्यक्षात साडेसहा मिलिमीटरच्या आसपास भरतो. छायाचित्रकारांच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा कर्ण ४३ मिलिमीटर असतो, यावरून या सेन्सरचा लहानपणा लक्षात येईल. त्यात आणखी भर म्हणजे झूम वाढवला की लेन्सचे तोंड तुलनेने लहान होत जाते. रुंद दृश्यात एफ १.८ असलेली लेन्स पूर्ण झूमवर एफ २.८ होते आणि सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश निम्म्याहूनही कमी उरतो. मग कॅमेरा विजेच्या बळावर चित्र उजळतो आणि काळ्या पडद्यावर मुंग्या चालल्यासारखे ठिपके वळवळू लागतात. कॅमेरा ०.५ लक्स प्रकाशातही चालतो, असे पत्रकावर छापलेले असते. तो चालतो हे खरे, पण तिथे जे दिसते ते दाखवण्याजोगे नसते.

म्हणून अंदाजपत्रकात कॅमेऱ्याच्या शेजारी दिव्यांची ओळ असलीच पाहिजे. वक्त्याच्या चेहऱ्यावर ५०० लक्सच्या आसपास प्रकाश असला, तर मधल्या थरातला कॅमेराही स्वच्छ चित्र देतो. लक्स मोजण्याचे ॲप मोबाइलवर मिळते आणि ढोबळ अंदाजाला ते पुरते. समोरून दोन बाजूंनी, डोक्याच्या थोडे वरून येणारे दोन एलईडी दिवे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक खर्च आहे. सेन्सरच्या आकाराची तुलना करताना १/१.८ इंची सेन्सर मिळत असेल, तर मंद उजेडातल्या कार्यक्रमांसाठी, विशेषतः नाटक आणि नृत्यासाठी, त्याला पसंती द्यावी. व्याख्यानमालेला त्याची गरज पडेलच असे नाही.

दिव्यांचा आणखी एक त्रास भारतात हमखास होतो. इथली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. कॅमेरा सेकंदाला ६० फ्रेम आणि १/६० सेकंदाच्या शटरवर ठेवलेला असेल, तर पडद्यावर पट्टे सरकू लागतात किंवा चित्र लुकलुकते. उपाय फुकटचा आहे. कॅमेरा १०८०पी ५० किंवा २५ फ्रेमवर आणि शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवावे. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची असल्याने तिथल्या महाराष्ट्र मंडळांना ६० किंवा ३० फ्रेमच योग्य. तिकडून कुणी नातेवाइकाने आणलेला कॅमेरा इथे लावताना मात्र ही एक गोष्ट बदलायला विसरू नये. ज्या कॅमेऱ्याच्या मेनूत ५० फ्रेमची सोयच नाही, तो इथे कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

मंचामागे एलईडी पडदा लावण्याची पद्धत आता सर्वत्र झाली आहे. स्वयंचलित प्रकाशमापनावर ठेवलेला कॅमेरा त्या झगझगीत पडद्याला प्रमाण मानतो आणि वक्त्याचा चेहरा काळा पडतो. म्हणून आयरिस, शटर, गेन आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवता येणे आणि ठरवलेले तसेच टिकून राहणे ही अत्यावश्यक गोष्ट आहे. एकाहून अधिक कॅमेरे असतील तर दुप्पट महत्त्वाची. एका शॉटमध्ये सोनेरी आणि दुसऱ्यात निळसर दिसणारी पैठणी पाहताना प्रेक्षकाचे लक्ष गाण्यावरून उडते. रंग जुळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सगळे कॅमेरे एकाच मॉडेलचे घेणे आणि पांढरा कागद दाखवून, एकाच दिव्याखाली, त्यांचा व्हाइट बॅलन्स एकसारखा करणे.

कॅमेऱ्यातून मिक्सरपर्यंत चित्र कोणत्या वाटेने न्यायचे, हा पुढचा प्रश्न. एचडीएमआय सर्वांत ओळखीची, पण सर्वांत नाजूक. दहा मीटरपर्यंत ती निमूट चालते, पंधराच्या पुढे भरवसा राहत नाही, आणि तिची पिन कुणाचा पाय लागला तरी निसटते. एसडीआयची केबल गोल, तिची बीएनसी पिन फिरवून अडकवायची, म्हणून ती सुटत नाही. चांगल्या प्रतीच्या ७५ ओहमच्या केबलवर १०८०पी ५० चे चित्र ८० मीटरच्या आसपास निर्धास्त जाते. तिसरी वाट नेटवर्कची. कॅट ६ केबलवर १०० मीटरपर्यंत चित्र, आज्ञा आणि वीज ही तिन्ही एकाच तारेतून जातात. या विजेला ‘पीओई’ म्हणतात. तिच्या मूळ प्रकारात स्विचच्या तोंडाशी १५.४ वॉट मिळतात, पीओई प्लसमध्ये ३० वॉट. कॅमेऱ्याला कोणता प्रकार लागतो ते पाहूनच स्विच घ्यावा, नाहीतर मोटरी जोरात फिरल्या की कॅमेरा बंद पडतो.

ग्रामीण भागासाठी या तिसऱ्या वाटेचा एक मोठा फायदा आहे. कॅट ६ ओढणारा आणि तिची टोके बसवणारा सीसीटीव्हीचा कारागीर आता प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे. दुसरा फायदा विजेचा. सगळे कॅमेरे एका पीओई स्विचवर असले, की तो एक स्विच यूपीएसवर टाकून सगळ्यांची सोय होते. हे महत्त्वाचे आहे, कारण वीज क्षणभर गेली तरी पीटीझेड कॅमेरा नव्याने सुरू होतो, स्वतःभोवती फिरून आपली मूळ जागा शोधतो आणि त्यात अर्धा मिनिट किंवा अधिक वेळ जातो. थेट कार्यक्रमात तो काळ फार मोठा वाटतो.

नेटवर्कवरून चित्र नेण्याचे प्रकारही अनेक आहेत. न्यूटेक या कंपनीने २०१५ मध्ये ‘एनडीआय’ आणले आणि घरगुती दर्जाच्या नेटवर्कवरही स्टुडिओसारखे काम करता येऊ लागले. पूर्ण एनडीआयला १०८०पी च्या एका चित्रासाठी सेकंदाला शंभराहून अधिक मेगाबिट लागतात, म्हणून गिगाबिट स्विचवर चार-पाच कॅमेऱ्यांपुढे जाऊ नये. त्याचा दाबलेला प्रकार, एनडीआय एचएक्स, साधारण दहा ते वीस मेगाबिटांत भागवतो आणि स्वस्त कॅमेऱ्यांत बहुधा हाच असतो. इथे खरेदीदाराने दोन गोष्टी तपासाव्यात. काही कॅमेऱ्यांत एनडीआयचा परवाना वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. काहींत तो नसतोच, फक्त आरटीएसपी ही नेटवर्कवरून चित्र पाठवण्याची साधी पद्धत असते, आणि विक्रेता दोन्हींना सरसकट ‘आयपी’ म्हणतो. कॅमेऱ्यांसाठी वेगळा स्विच ठेवावा. सभागृहातील लोकांचे वायफाय आणि सीसीटीव्ही त्याच स्विचवर असले, की ऐन कार्यक्रमात चित्र अडखळते.

दाबलेल्या चित्राची किंमत विलंबाच्या रूपात मोजावी लागते. ५० फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम म्हणजे २० मिलिसेकंद. एसडीआयवर विलंब काही फ्रेमपुरता असतो. एचएक्सवर तो सेकंदाच्या एखाद्या दशांशापर्यंत किंवा त्यापुढे जातो आणि आरटीएसपीवर कधी कधी सेकंद ओलांडतो. भाषणात हे फारसे खटकत नाही. तबल्यावर लगेच पकडले जाते: थाप ऐकू येते आणि हात नंतर पडतो. आवाज मिक्सरमध्ये तेवढाच मागे ठेवला की प्रश्न सुटतो, पण सगळ्या कॅमेऱ्यांचा विलंब सारखा असेल तरच. एक कॅमेरा एसडीआयवर आणि दुसरा एचएक्सवर असेल, तर एकाशी जुळवलेला आवाज दुसऱ्याशी जुळत नाही. म्हणून संगीताच्या कार्यक्रमांसाठी सगळे कॅमेरे एकाच वाटेने जोडावेत, आणि जमत असेल तर ती वाट एसडीआयची असावी. तपासणी साधी आहे. मंचावर एकाने टाळी वाजवायची आणि मुद्रित चित्रात हात जुळतात तेव्हाच आवाज येतो का, ते प्रत्येक कॅमेऱ्यावर पाहायचे.

आज्ञा देण्याचे मार्गही असेच तीन. कॅमेऱ्यासोबत येणारा छोटा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा समोरासमोर असतानाच चालतो. तो मांडणीच्या वेळी उपयोगी, कार्यक्रमात नाही. जुन्या पद्धतीच्या सीरियल तारेवर व्हिस्काच्या भाषेत एका साखळीत सात कॅमेरे चालवता येतात. आजची सोयीची पद्धत नेटवर्कची. संगणकाचा ब्राउझर, ओबीएससारखे मोफत सॉफ्टवेअर, व्हीमिक्ससारखे विकतचे, किंवा जॉयस्टिक असलेला स्वतंत्र कंट्रोलर, यांपैकी कशानेही कॅमेरा चालतो. पत्रकावर ‘आयपीवर व्हिस्का’ असे लिहिलेले असले, तरी प्रत्येक कंपनी नेटवर्कचे तेच दार उघडते असे नाही. सोनीचे दार ५२३८१ क्रमांकाचे, इतरांची वेगळी. म्हणून कॅमेरा आणि कंट्रोलर वेगवेगळ्या कंपन्यांचे घेताना दोन्ही एकत्र चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणखी एक लहान अडचण हमखास येते. एकाच कारखान्यातून आलेल्या कॅमेऱ्यांचा मूळ आयपी पत्ता एकच असतो. दोन नवे कॅमेरे एकदम जोडले की ते एकमेकांच्या आड येतात. एकेक जोडून प्रत्येकाला वेगळा, कायमचा पत्ता द्यावा आणि तो कॅमेऱ्याच्या बुडाशी चिकटपट्टीवर लिहून ठेवावा.

मोटरीचा दर्जा पत्रकावर कुठेच दिसत नाही, आणि स्वस्त-महाग यांतला खरा फरक बऱ्याचदा तिथेच असतो. विक्रेता कॅमेरा किती वेगाने गरकन फिरतो ते दाखवतो. पाहायचे असते नेमके उलटे: तो किती सावकाश आणि किती सलग फिरू शकतो. बोलता बोलता वक्ता दोन पावले सरकला, तर पूर्ण झूमवर असलेला कॅमेरा त्याच्यामागे हळुवार जायला हवा. स्वस्त मोटर इथे धक्के देते, सुरुवातीला अडते आणि थांबताना उसळते. झूम जितका लांब तितका वेग आपोआप कमी करणारी सोय असते, ती आहे का ते विचारावे. शास्त्रीय संगीताच्या बैठकीत किंवा शांत प्रवचनात मोटरीचा आवाज पुढच्या रांगेला ऐकू जातो का, हेही कान देऊन पाहावे.

पीटीझेडचे खरे बळ प्रीसेटमध्ये आहे. ठरवलेली दिशा, झूम आणि फोकस कॅमेरा क्रमांकाने लक्षात ठेवतो: एकवर सूत्रसंचालक, दोनवर वक्त्याचे व्यासपीठ, तीनवर दीपप्रज्वलनाची समई, चारवर पेटी, पाचवर तबला, सहावर सगळा मंच. कार्यक्रमापूर्वीच्या अर्ध्या तासात हे भरून ठेवले, की एक बटण दाबले म्हणजे शॉट तयार. पडद्यावर एका कॅमेऱ्याचे चित्र असताना दुसरा कॅमेरा पुढच्या शॉटवर नेऊन ठेवायचा आणि मग बदल करायचा, ही कामाची मूळ रीत. चालू चित्रात कॅमेरा फिरताना दिसणे बहुधा वाईट दिसते. या रीतीसाठी प्रीसेट अचूक असावे लागते. हलक्या कॅमेऱ्यात दहाव्या-बाराव्या वेळी तोच प्रीसेट थोडा सरकलेला येतो आणि वक्त्याच्या डोक्यावरची जागा कमीजास्त होते.

यावरूनच कॅमेऱ्यांची संख्या ठरते. एका माणसाच्या हाताला दोन पीटीझेड हे योग्य प्रमाण आहे. त्यांच्या जोडीला संपूर्ण मंच दाखवणारा एक न हलणारा कॅमेरा असावा. त्यासाठी नवीन खरेदी लागत नाही. एखादा जुना हँडीकॅम किंवा एचडीएमआय बाहेर देणारा साधा कॅमेरा पुरतो. दोन्ही पीटीझेड हलत असतानाही पडद्यावर दाखवण्याजोगे काहीतरी त्याच्यामुळे कायम राहते. चार स्वस्त पीटीझेड घेण्यापेक्षा दोन चांगले आणि एक स्थिर ही मांडणी अधिक उपयोगाची, आणि बहुतेकदा स्वस्तही.

फोरके आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या दोन शब्दांसाठी आज सर्वाधिक जादा पैसे मोजले जातात. थेट प्रक्षेपण बहुतेक संस्था १०८०पी मध्येच करतात, गावाकडच्या इंटरनेटवर तेही कधी जड जाते. फोरकेचा उपयोग ध्वनिचित्रमुद्रण जपून ठेवायचे असेल किंवा एकाच रुंद चित्रातून दोन-तीन शॉट कापून काढायचे असतील, तर होतो. नाहीतर तेवढ्याच किमतीत मोठ्या सेन्सरचा १०८०पी कॅमेरा घ्यावा. माणसाच्या मागे आपोआप फिरण्याची सोय वर्गातल्या एकट्या शिक्षकासाठी खरोखर उपयोगी आहे. सत्काराच्या वेळी मंचावर दहा माणसे आली, की कॅमेरा कुणाच्या मागे जाईल सांगता येत नाही.

सीसीटीव्हीचे फिरते घुमटाकार कॅमेरे याहून पुष्कळ स्वस्त मिळतात आणि ‘हाही पीटीझेडच’ असा सल्ला देणारे भेटतात. ते पाळत ठेवण्यासाठी घडवलेले असतात. त्यांना सहसा एसडीआय किंवा एचडीएमआय नसते, चित्र उशिरा येते, रंग हाताने बांधता येत नाहीत आणि झूम करताना फोकस शोधत बसतात. देवळात गाभाऱ्याचे दिवसभर दर्शन दाखवायचे असेल, तर असा कॅमेरा चालतो, कारण तिथे तो फारसा हलत नाही आणि विलंबाने काही बिघडत नाही. कार्यक्रमासाठी तो घेऊ नये. उलट फरक असा की सीसीटीव्हीचा कॅमेरा पावसात टिकतो, कार्यक्रमाचा पीटीझेड टिकत नाही. भाद्रपदातल्या गणेशोत्सवाच्या मांडवात तो लावायचा असेल, तर वरून पक्के छप्पर आणि समोरून झडीपासून आडोसा हवाच. धूप आणि गुलाल लेन्सवर आणि मोटरीच्या फटींत बसतो, म्हणून मिरवणुकीत तो नेऊ नये.

खरेदी जीएसटीच्या बिलावर आणि भारतात दुरुस्ती करून देणाऱ्या विक्रेत्याकडून करावी. परदेशी संकेतस्थळावरून थेट मागवलेला कॅमेरा स्वस्त दिसतो, पण त्यावर सीमाशुल्क पडते आणि मोटर बिघडली की तो परत पाठवणे बहुधा अशक्य होते. अंदाजपत्रक करताना कॅमेऱ्यांसाठी एकूण रकमेच्या साठ टक्क्यांहून अधिक ठेवू नये. उरलेल्या रकमेत दिवे, केबल, स्विच, यूपीएस, पक्के आधार आणि कंट्रोलर बसले पाहिजेत. ते बसत नसतील तर एक कॅमेरा कमी घ्यावा.

पुणे-मुंबईत आणि अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी असे कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. पसंत पडलेला कॅमेरा आधी एका कार्यक्रमापुरता भाड्याने आणावा, आपल्याच सभागृहात, आपल्याच दिव्यांखाली, संध्याकाळच्या वेळी लावावा. सर्वांत मागच्या जागेवरून छातीपर्यंतचा शॉट घ्यावा, एकच प्रीसेट वीस वेळा बोलवावा, टाळी वाजवून आवाज जुळतो का पाहावे, आणि एकदा मुद्दाम वीज बंद करून कॅमेरा किती वेळाने परत उभा राहतो ते घड्याळावर मोजावे. या चार परीक्षांत उतरेल तो कॅमेरा घ्यावा, त्यावर नाव कोणाचेही असो.